फक्त विंडोज ९५

२ जानेवारी १९९६, डोंबिवली
नव्या वर्षाचा ठाम निर्णय. आपलं वधू-वर जुळवणीचं सॉफ्टवेअर फक्त विंडोज ९५ वर चालेल. काळ्या स्क्रीनवर कमांड टाइप करायचं ते जुनं डॉस संपलं. मालनला (बायको आणि धंद्यातली एकुलती एक पार्टनर) सांगितलं. ती म्हणाली, अरे, कल्याणला चंद्रभागाबाईंच्या विवाह मंडळात जुना कॉम्प्युटर आहे, त्यावर डॉसच चालतं, आणि आपलं गिऱ्हाईक तेवढं एकच. दूरदृष्टी शिकवता येत नाही.

९ जानेवारी
मालन म्हणते, निदान विंडोज ३.१ तरी धर. तडजोड नको म्हटलं. दुपारी मी जरा पडलेलो, तर ती डॉससाठी काहीतरी लिहीत बसलेली. बसू दे. हौस.

२० जानेवारी
प्रगती उत्तम. पहिला स्क्रीन तयार. मुंडावळ्या हलतात. जुळवणीचा भाग बाकी आहे, पण ते किरकोळ.

११ फेब्रुवारी
डेमो! आपला कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून रिक्षाने कल्याणला नेला. मंडळाचे खजिनदार धाकूमामा मुंडावळ्या पुन्हा पुन्हा बघत होते. चंद्रभागाबाई म्हणाल्या, छान, आता आमच्या मशीनवर टाका. नवीन मशीन घ्या म्हटलं. त्या म्हणाल्या, मग हेच राहू दे इथे.
संधी ओळखली. ठेवून आलो.

१२ फेब्रुवारी
मालनने आज चहा एकटीपुरताच केला. तिचा प्रोग्राम त्याच कॉम्प्युटरमध्ये होता. फ्लॉपीवर घेतला असेलच. हल्ली ती मैत्रिणीच्या, शालूच्या, कॉम्प्युटर क्लासमध्ये जाऊन बसते. तेवढाच विरंगुळा.

२६ फेब्रुवारी
रोज कल्याण. आपल्याच कॉम्प्युटरवर बसायला चंद्रभागाबाईंची परवानगी लागते, पण त्या देतात. बदल्यात स्थळांची माहिती टाइप करतो. युजरला जवळून समजून घेणं म्हणतात ते हेच. एका मुलीच्या आईने 'ऑपरेटर भाऊ' अशी हाक मारली. ओ दिली.

१७ मार्च
जुळवणी सुरू झाली. ठमाबाईंच्या मुलीला पहिलंच स्थळ सुचवलं ते तिच्या सख्ख्या भावाचं. ठमाबाई बरंच बोलल्या. पण बाकी सगळं जुळत होतं, हे कोणी लक्षात घेत नाही.

२ एप्रिल
चंद्रभागाबाई म्हणाल्या, तुमचा कॉम्प्युटर घेऊन जा, खोली अडते. त्यांच्या जुन्या मशीनवर मालनचा डॉसचा प्रोग्राम कधीच चालू झालाय. ती येऊन बसवून गेली म्हणे. मी तेव्हा वडापाव खायला गेलेलो.

६ एप्रिल
मालनला ठाण्यातली आणखी दोन मंडळं मिळाली. एक खोपटचं. तिला मदतीला माणूस हवाय. माझं नाव मीच सुचवलं. पद: धोरण सल्लागार. ती म्हणाली, आधी शालूच्या क्लासमध्ये जाऊन डॉसवर नीट प्रोग्राम लिहायला शिक. तयार झालो, पण अट घातली, डॉस सहाच्या खालच्या जुन्या व्हर्जनला हात लावणार नाही. काही तत्त्वं असतात.
क्लासमध्ये डॉस ३.३ आहे. सकाळच्या बॅचला नाव घालून आलो.