गोखरूची टाकी

४ जानेवारी

गप्पी माशांच्या तीन माद्या एकाच दिवशी व्याल्या. पिल्लं एकशे चार. निम्मी साध्या पाण्यात, निम्मी गोखरूच्या अर्कात. गोखरू म्हणजे तेच, चपलेत घुसणारे काटे; त्याने जास्त पिल्लं नर होतात म्हणे. कुटले, उकळले, गाळले. टाकीचं पाणी कोऱ्या चहासारखं दिसतंय.

मासे घेणाऱ्या दुकानदाराला फक्त नर हवेत. रंग त्यांना, झुपकेदार शेपटी त्यांना. माद्या मातकट. "माद्या आणू नका बाई, कोणी ढुंकून बघत नाही." म्हणून दर खेपेला माद्या मोठ्या माशांच्या टाकीत सोडते — खाद्य म्हणून. बघायला थांबत नाही.

११ जानेवारी

सहा मेली. साध्यातली दोन, अर्कातली चार.

९ फेब्रुवारी

पिल्लांवर रंग चढले, आज मोजली. साधी टाकी — नर चोवीस, माद्या सव्वीस. गोखरूची टाकी — नर एकोणचाळीस, माद्या नऊ. दोनदा मोजलं. दुसऱ्यांदाही नऊच.

जेवायला वन्सं होत्या. हे कौतुकाने म्हणाले, "ताई, आमच्याकडे आता सगळे मुलगेच होतात." वन्संचा घास हातातच राहिला. "पोटातून घेतलं तर?" "कोणी?" "माशांनीच गं."

१० फेब्रुवारी

वन्संचा फोन. त्यांच्या सुनेला तिसरा महिना. आधीच्या दोन मुली.

"एक चमचाभर दे. तुला काय कमी पडणारे?"

म्हटलं, वन्सं, हे माशांचं आहे. माणसाचं पहिल्याच दिवशी ठरतं, आणि तेही बापाकडून.

"आमच्या मुलात काही खोट नाही." फोन ठेवला.

१४ फेब्रुवारी

गोखरूच्या पुडीचा डबा अर्धा रिकामा. ह्यांना विचारलं. पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "ताईने मागितली, दिली. झाडपाल्याने काय होतंय?"

मी जेवण वाढलं नाही. त्यांनी आपलं आपण वाढून घेतलं. भाताचं पातेलं तसंच उघडं ठेवलं.

१५ फेब्रुवारी

वन्संकडे गेले. सून बेसिनशी वाकलेली. तीन दिवस उलट्या.

"सासूबाई सकाळी काढा देतात, मामी. ताकदीचा आहे म्हणाल्या."

कशाचा आहे ते सांगितलं. वन्संच्या समोर, स्वयंपाकघरातच. वन्सं म्हणाल्या, "मी काय विष दिलं?" सुनेने तोंड धुतलं, नळ बंद केला, मग मला विचारलं,

"तुम्ही त्या माद्यांचं काय करता?"

खरं ते सांगितलं. तिने मान हलवली, जशी भाजीचा भाव ऐकून हलवतात.

१६ फेब्रुवारी

तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाळाचे ठोके नीट आहेत. "नशीब समजा. ह्यापुढे थेंबसुद्धा नको," बाई म्हणाल्या. सून बाहेर येऊन बाकावर बसली आणि बराच वेळ उठलीच नाही. मीही बसले.

घरी आल्यावर हे म्हणाले, "ताईला उगाच दुखावलंस."

१८ फेब्रुवारी

अर्क मोरीत ओतला. दुकानदाराला कळवलं, पुढच्या खेपेला नर-माद्या जोडीनेच मिळतील. नको असतील तर राहू दे.

"बाई, धंदा बुडेल तुमचा."

म्हटलं, बघू.

२० फेब्रुवारी

सून दारात. दोन्ही मुली, एक बॅग. "मामी, राहू का?" हे अंगणात जाऊन ताईला फोन लावायला लागले. मी तिघींना आत घेतलं आणि दाराला आतून कडी घातली. हे बाहेरच होते.