सन तेराशे एकोणतीस

१६ ऑगस्ट २०२५, शनिवार

'खारेपाटातल्या माझ्या भावाबहिणींनो, आपला बांध दरवर्षी खचतो आणि सरकार दरवर्षी नुसता पंचनामा करून जातं!' – शुक्रवारच्या सभेची सुरुवात लिहून झाली. पुढे नेहमीचंच: आपली मशीद सातशे वर्षांची, सन तेराशे एकोणतीसची! ती बुडू देणार का? टाळ्या ठरलेल्या.

बुधवारी पुरातत्त्वाचे साहेब पेणहून येणार. सन पटला तर मशिदीसाठी दगडी बांध मंजूर. 

१७ ऑगस्ट

काळुराम आला. बांधाची राखण पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या घरात.

"मास्तर, खेकड्यांनी बांध पोखरलाय. पानी सोडायच्या उघाडीच्या बाजूला आख्खा हात जातो माजा."

म्हटलं, जोळ बोलाव.

"कोन येल? दोन वर्सां कोनी आला नाय. तुमीच बोल्लाव ना, आता सरकार बांदनार!"

जोळ म्हणजे घरटी एक माणूस, चिखल टाकायला. माझ्या भाषणांनी तो बंद पडला. मला पत्ताही नाही!

१८ ऑगस्ट

सन कोरलेला दगड मी कधी पाहिलेलाच नाही. अब्बा सांगायचे, तो मिहराबावर आहे, चुन्याखाली.

१९ ऑगस्ट

दर रमजानआधी मशिदीला चुन्याचा हात. मिहराबावर, म्हणजे नमाजाच्या दिशेच्या भिंतीतल्या कमानीवर, बोटभर थर साचलाय. आज खरवडला. बायकोनं, नफिसानं, शिडी धरली. "उतरा हो खाली! या वयात भिंतीशी कुस्ती!"

आकडा दिसला. १३२९. अब्बा सांगायचे तोच! आणि शेजारी – हिजरी.

हिजरी! म्हणजे १९११. सातशे वर्षांची मशीद एकशे चौदा वर्षांची निघाली. अब्बा नुसतं 'सन' म्हणायचे, मी इसवी धरून बसलो. घरात पुस्तकांची चार कपाटं, आणि ही अक्कल!

खाली दोन ओळी – 'पहिली मशीद बांध फुटून खाडीत गेली. तिचे मिळाले तेवढे दगड आणून ही उभारली.'

नफिसा म्हणाली, "लावा परत चुना. कोणाला काय कळतंय?"

लावला.

२० ऑगस्ट

साहेबांनी सनाचा दगड बघायला मागितला. म्हणालो, चुना खरवडला तर दगड खराब होईल. ते म्हणाले, मग पावसाळ्यानंतर यंत्र आणून बघू, तोवर मंजुरी नाही.

काळुराम दारात. "काय बोल्ला सायेब?"

"होईल."



२१ ऑगस्ट

भरतीला बांधातून पाणी पाझरलं. काळुरामनं भोकात मातीची गोणी ठोकली. त्याचं घर तिथून वीस पावलांवर. "हमरापूरला मूर्ती सांगून ठेवलीय, मास्तर. गनपतीच्या आदी खाडी घरान नको यायला."

परवा अमावास्या. मोठं उधाण. कान सारखे खाडीकडे. 

२२ ऑगस्ट, शुक्रवार

चुना पुन्हा काढला. नमाजानंतर सगळं गाव मशिदीच्या अंगणात. दगड वाचून दाखवला. म्हणालो – सन मी चुकीचा सांगितला, साहेबांशी खोटं बोललो, दगडी बांध येत नाही.

एकही टाळी नाही. मागून काळुरामच्या शेजारची पुतळी ओरडली, "मंग दोन वर्सां आमी काय आयकत व्हतो?"

 एवढंच म्हणालो – उद्या सकाळी सहाला ओहोटी. घरटी एक माणूस, एक घमेलं. बांधावर या!