पिवळं धुकं

अर्जुनी मोरगाव,
८ ऑक्टोबर २०२४

ती. आत्याबाईस टीनाचा शि. सा. न. वि. वि.

तुझा हुकूम पाळून राहिली. इवल्याशा फोनमध्ये डोंगर मावत नाही म्हणालीस, म्हणून फोटो कागदावर काढून आणला. पत्रही सांगितल्याप्रमाणे स्केचपेननं, दुकानाच्या पाटीएवढ्या अक्षरात लिहिते आहे. पोस्टमन हसला तर तुझ्या नावावर.

रविवारी पहाटे आपल्या बोडीच्या तळ्यामागच्या डोंगरावर चढली. बाबा सोबत होते. माणूस उभा असला की डोंगराची उंची कळते, म्हणून त्यांना टोकावर, नगाऱ्याच्या दगडावर उभं केलं. खाली लवकरचा हलका धान पिवळा पडला, उशिराचा भारी धान अजून हिरवाच. वरून वाटे, कुणी गोधडी वाळत घातली आहे. तळ्याच्या पाळीवर कासाचं गवत फुललं, दोन सारस धानाच्या बांधीत उतरले, आणि मी पाहतच राहिली. शेवटी बाबाच ओरडले, की मला इथं खांब म्हणून रोवलं का.

स्वप्निलदादा फोनवर तुझ्या डोळ्यांचं बोलला. खरं काय ते लिही.

आशीर्वाद आहेतच, पत्रातूनही पाठव.
तुझी टीना

*

फुलचूर,
१२ ऑक्टोबर, दसरा

चि. टीनास आत्याचे पोटभर आशीर्वाद.

फोटो भेटला. उशीखाली ठेवला आहे, सकाळ-संध्याकाळ काढून पाहते. लग्नाआधी त्याच दगडावर बसून मी नि तुझा बाप बोरं खायचो, नि बिया खाली कोण दूर फेकते त्याची पैज. तो नेहमी हरे नि मग रुसून पुढं निघून जाय. मी मागून हाका मारत उतरायची.

डोळ्यांचं स्वप्निलच्या तोंडून कायले ऐकते? पोरगा कानाशी भुणभुण करून राहिला, ऑपरेशन कर, ऑपरेशन कर. माझ्या सासूबाईंच्या, अनुसयाबाईंच्या डोळ्यावरची पट्टी काढली तेव्हा आत अंधारच निघाला होता. मी बाजूले उभी होती. मले सगळं साफ दिसते बाप्पा, हा विषय पुन्हा काढू नको.

फोटो मात्र पाठवत राहा. माझं मन तिकडंच हिंडून राहिलं.

लोभ कमी केला तर कान धरीन.
तुझी आत्या, सुलोचना

*

अर्जुनी मोरगाव,
२२ ऑक्टोबर

ती. आत्याबाईस शि. सा. न. वि. वि.

सोबत दोन फोटो. पहिला आधीच्या रविवारचा. बाबा अर्ध्या वाटेवर तेंदूच्या झाडाखालीच बसले, कापणीनं पाय भरले म्हणाले. मी एकटीच वर जाऊन आली.

दुसरा परवाचा. दव फार होतं, वाट निसरडी म्हणून बाबा खालीच थांबले. पण ती सकाळ, आत्या! आयुष्यात असं पाहिलं नव्हतं. स्वप्नात चालून राहिली की जागी आहे, कळेना. या फोटोबद्दल मी एक शब्द लिहिणार नाही. काय दिसलं ते तूच सांग.

माया अशीच असू दे.
तुझी टीना

*

फुलचूर,
२६ ऑक्टोबर

चि. टीनास अनेक आशीर्वाद.

माझी परीक्षा घेते काय वो? घे उत्तर. दुसऱ्या फोटोत धान असा पिकला आहे, की या टोकापासून त्या टोकापर्यंत पिवळंच पिवळं. असं पीक मी माहेरी पाहिलं नव्हतं. किती वेळ उन्हात धरून बसली होती मी तो फोटो. सुनेनं जेवायले तीनदा बोलावलं.

पास झाली की नाही, कळव. नि आठवण काढत जा.
तुझी आत्या

*

अर्जुनी मोरगाव,
२९ ऑक्टोबर

ती. आत्याबाईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी ओसरीवर बसून रडली.

आत्या, त्या फोटोत धान नाही. नुसतं धुकं आहे, पांढरंशुभ्र. डोंगराचं टोक तेवढं वर तरंगून राहिलं आहे. इथल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. मोतीबिंदू पिकला की पांढरंही पिवळं दिसते म्हणाल्या, आणखी थांबू नका म्हणाल्या. मोठं अक्षर, कागदाचा फोटो, सगळं आत्ता समजलं मला.

भीती वाटते ना? वाटू दे, पण जा. पट्टी सुटल्याशिवाय एकही फोटो पाठवणार नाही. बाबांना मी काही बोलली नाही. भाऊबीजेला येतील तेव्हा तूच सांग.

रागावलीस तरी चालेल, पण माया तोडू नको.
तुझी टीना

*

फुलचूर,
१८ नोव्हेंबर

चि. टीनास आशीर्वाद, नि या वेळी बारीक अक्षरात. ओळी सरळ आहेत, पाहून घे.

भाऊबीजेच्या तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. पट्टी काढताना मी देवाचं नाव घेऊन डोळा मिटूनच बसली होती. उघडला तर समोर नर्सबाईचा पांढरा कोट. पांढरं म्हणजे पांढरं! तिचा हात धरून रडली मी.

घरी आल्या आल्या तुझं धुकं पाहिलं. पोरी, काय काढलंस! असं वाटते, पाय टाकला की आपणही तरंगू. तासभर त्यातच होती मी. मग खालच्या कोपऱ्यात, धुकं विरळ होतं तिथं, भाऊ दिसला.

तिन्ही फोटो खाटेवर ओळीनं मांडले. पहिल्यात भाऊ टोकावर, छाती काढून उभा. दुसऱ्यात तेंदूखाली, एक हात छातीवर. तिसऱ्यात पायथ्याशी, बोडीच्या पाळीवर बसलेला, नि सदरा असा ढिला की दुसऱ्याचा घातला वाटे. दोन रविवारांत तो एवढा खाली आला, टीना. कापणी नि दव ही त्यानं सांगायची कारणं.

भाऊबीजेले त्याले ओवाळलं. हातभर अंतरावर बसला होता. आवाज तोच, हसणं तेच, नि मले वाटलं, भाऊ धडधाकट आहे. तुले दोष देत नाही. तुझा डोळा डोंगरावर होता नि माझा मिटलेला.

फोनवर बोलली तर तो हसून उडवून लावील, म्हणून लिहून राहिली. शनिवारी सकाळच्या गाडीनं येते. तुझ्या डॉक्टरीणबाईले वेळ मागून ठेव. भाऊले एवढंच सांग, की बहिणीले नवीन डोळा आला, ती डोंगर पाहायले येऊन राहिली.

मी डोंगर पाहायले येत नाही.

तोवर त्याच्याजवळ बस.
तुझी आत्या, सुलोचना