डाव्या टोकाची खुर्ची

प्रिय भिंगरी,

बाबाला शेवटचा निरोप देऊन परत आलो, तेव्हा कारखान्याच्या फाटकाशी तू मला विचारलंस, "काका, मी झाले नसते तर बाबा अजून चार-पाच वर्षं हॉकी खेळला असता ना?" मी चष्मा पुसत राहिलो. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. तुझ्या दर वाढदिवसाला तो पाहुण्यांना सांगायचाच, "मला कुठल्या फॉरवर्डनं नाही, या बयेनं रिटायर केलं." सगळे हसायचे. तूही हसायचीस, पण लगेच पाणी आणायला आत जायचीस, हे माझ्या नजरेतून सुटलेलं नाही.

सुटलं ते भलतंच. काल कुलूप आला होता. बाबाच्या संघाचा गोलकीपर, तूच लहानपणी त्याच्या मिशा ओढायचीस. गुडघे धरत जिना चढला, ऑफिसात टेकला आणि बाबाच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून सहज म्हणाला, "एका डोळ्यावर एवढा पसारा उभा केला लेकानं." मला वाटलं, बोलायची रीत असेल. विचारलं, तर तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "तुला माहीत नाही? डावा डोळा गेला होता की त्याचा. सरावात, माझ्याच पॅडवरून उडालेल्या चेंडूनं. दिसायला धड होता, आतून संपला होता. कुणाला बोललास तर बघ, म्हणाला होता." हातातली बशी मी कधी खाली ठेवली, आठवत नाही.

मी कुठल्या शाळेत वेल्डिंग शिकलो नाही. पण तार अर्धा मिलिमीटर जाड असली तर हातात घेताच सांगतो, म्हणून तू मला मिलिमीटरकाका केलंस. त्या मिलिमीटरकाकाला शेजारच्या माणसाचा डोळा दिसला नाही. आता एकेक गोष्ट समोर येऊन उभी राहते. टेबलाच्या डाव्या टोकाची, भिंतीला चिकटलेली खुर्ची त्यानं कधी सोडली नाही. माणसं सगळी उजवीकडे. गाडी घेतली, पण चालवली नाही, "मालकानं शेजारी बसायचं असतं" म्हणायचा. चहा ओतताना किटलीची चोच कपाच्या कडेला टेकवायचा, आणि मी ओरडायचो, टवके उडवतोस लेका. अंतर कळत नव्हतं गं त्याला.

पण माझी झोप उडाली ती यानं नाही. आपल्या कारखान्यातला, गोलकीपरच्या तारेच्या मास्कचा प्रत्येक नवा नमुना तो आधी स्वतःच्या तोंडावर चढवायचा, तुला ठाऊक आहे. समोरच्या भिंतीशी उभा राहायचा आणि म्हणायचा, "सोड." चेंडू फेकणाऱ्या मशीनचा खटका माझ्या हातात. मी म्हणायचो, पुतळा उभा करू. तर म्हणे, "पुतळ्याला भीती वाटत नाही, मग कळणार काय?" मला वाटायचं, जुना खेळाडू आहे, मिरवतोय. एकच डोळा शिल्लक असलेला माणूस, भिंगरी. तो डोळा आणि चेंडू यांच्यामध्ये फक्त माझ्या हातचे तारेचे सांधे. आणि मी खटका दाबत होतो, वर दात काढून.

तसाच उठून वहिनींकडे गेलो. तुझ्या आईला सगळं माहीत होतं. मला का नाही सांगितलं, म्हणून जवळजवळ भांडलोच. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही खटका दाबला असतात का?" मग म्हणाल्या, "मला म्हणायचे, त्याचा सांधा सुटत नाही, तू घोर लावून घेऊ नकोस." मला मात्र तोंडावर कधी 'बरं जमलंय' म्हणाला नाही.

हे सगळं तुझ्या आईनंच तुला सांगायचं, पण त्या म्हणाल्या, तुम्ही लिहा, तुम्ही तपशील चुकवत नाही. तेव्हा नीट वाच. चेंडू लागला तेव्हा तू व्हायची होतीस. मी ऑफिसातला तो फोटो खाली काढून भिंगातून पाहिला, दवाखान्यातला, तुला हातात घेतलेला. आत कशाला गॉगल, म्हणून आपण सगळे त्याची टिंगल करायचो. गॉगलच्या वर पट्टीची कड दिसते. चेंडूनं घरी बसवलं म्हटलं असतं तर लोक हळहळले असते, आणि कीव त्याला झेपायची नाही. लेकीनं बसवलं म्हटलं की हसायचे. ते हसणं तुला कुठे बोचतंय, हे त्याला कळलं नाही. कळलं असतं तर त्यानं जीभ चावली असती. फाटकाशी विचारलंस त्याचं उत्तर लिहायला बसलो होतो, ते असं: नाही, खेळला नसता. तू आलीस तेव्हा खेळ संपला होता. आणि फोटोत त्याची मान इतकी का वळली आहे, तेही आता मला कळलं आहे. तू डाव्या हातावर होतीस, आणि त्याला तुला बघायचं होतं.

तुझाच,
मिलिमीटरकाका