फोकसचा हात

मंगळवार, ४ मार्च
आणि वर मलाच म्हणते, आई, आता मनाची तयारी कर. लेक आहे की सासू? बाबांना काही कळत नाही म्हणे, संस्थेत ठेवू, सोळा तारखेला रविवारी गाडी घेऊन येते. बापाने जन्मभर थेटरात मशीन चालवलं म्हणून हिचं कॉलेज झालं. झटका आल्यापासून अंथरुणात आहेत, बोलत नाहीत, एवढंच. कळतं सगळं. मला माहीत आहे.

थेटर पाडतायत. भंगारवाल्याशी भांडून यांच्या मशीनची लेन्स आणली. ट्रंकेत फिल्मचा तुकडा आहे. खोका, बल्ब, लेन्स, झालं काम. भिंतीवर चित्र पाडायचं, तेही मुद्दाम धूसर. पडदा धूसर झाला की यांचा उजवा हात डुलकीतसुद्धा मशीनच्या फोकसच्या चावीकडे जायचा. रविवारी लेकीसमोर जाईल. मग बघू कुणाच्या मनाची तयारी होते.

उद्यापासून कुणाशी भांडायचं नाही.

गुरुवार, ६ मार्च
चष्मेवाल्याशी भांडले. सुरुवात त्याची. म्हणे, काकू, आधी फोकल लेंथ काढा, फिल्म त्याहून जराशी लांब बसवायची, नाहीतर भिंतीवर नुसता उजेड. म्हटलं, मग काढून दे. म्हणे, सोपं आहे, लांबच्या वस्तूचं चित्र कागदावर पाडा, स्पष्ट आलं की लेन्सपासूनचं अंतर मोजा, तीच फोकल लेंथ. एवढ्यासाठी दुकान थाटून बसलाय.

छताच्या बल्बवर मोजलं. खाली उभी राहून साडेपाच इंच, स्टुलावर चढून सात. लेन्स लहरी आहे. सात धरते. माझा अंदाज चुकत नाही.

शनिवार, ८ मार्च
सातच्या मापाने खोका कापला. भिंतीवर पिवळा डाग. चष्मेवाला म्हणे, खोलीतला बल्ब कसला लांबचा, सूर्य धरा, पण जपून. मी काय कुक्कुलं बाळ आहे?

लेकीचं नाव काढलं तर यांनी डोळे मिटून घेतले. यांनाही पटत नाही.

मंगळवार, ११ मार्च
लेन्स खिडकीच्या गजाला बांधली. कागद यांच्याच उजव्या तळहातावर ठेवला, हाताखाली उशी. यांच्या मशीनचं काम, यांचा हात नको? उन्हाचा ठिपका बारीक होत होत मोहरीएवढा झाला. टेप स्वयंपाकघरात राहिला होता. आणायला गेले तेवढ्यात लेकीचा फोन. तिला चांगलं सुनावलं. बाबा आत काम करतायत, म्हटलं.

वास आला तेव्हा धावले. कागदाला भोक. भोकाखाली हात.

हे भिंतीकडे बघत होते.

पाच इंच.

बुधवार, १२ मार्च
कंपाउंडर पट्टी बांधताना म्हणाला, एवढं भाजेपर्यंत यांनी हात कसा ओढला नाही? म्हटलं, पहिल्यापासून सोशिक आहेत.

गुरुवार, १३ मार्च
फिल्म पाचाहून जराशी पुढे बसवली. भिंतीवर छत्रीवाली बाई आली. पदराची किनार मोजून घ्या, इतकी स्पष्ट. मग लेन्स फिरवून धूसर केली आणि बसून राहिले. खोका तापून करपायला लागला तोवर बसले.

पट्टी बांधल्यावर हात कसा उठेल? डाव्याला ते काम माहीत नाही.

अहो, चित्राचं राहू द्या. मंगळवारी दुखलं होतं का, तेवढं सांगा. मान हलवा, पापणी हलवा, काहीही चालेल. दुखलं नसेल तर तसं सांगा. रविवारी ती दारात गाडी लावेल. मला शनिवारपर्यंत कळलं पाहिजे.