इंचात दहा आटे

३ जून, सकाळी ८
लोखंड कातायचा लेथ आला. छोटा आहे, पण चौघांनी उचलला. मी सूचना दिल्या. चालवायला अगदी सोपा, असं विक्रेता म्हणाला. माझ्याकडे बघून म्हणाला.

बायको घरी पुस्तकं बांधते. पुस्तकं दाबायच्या तिच्या शिकंज्याचा एक स्क्रू मोडला. जुन्या मापाचा, इंचात दहा आटे. बाजारात मिळत नाही. वाचनालयाची साठ पुस्तकं वीस तारखेला द्यायची आहेत. मी म्हणालो, स्क्रू घरीच करू. ती म्हणाली, भाऊजींना विचारू या का. माझा थोरला भाऊ तीस वर्षं कारखान्यात लेथवर टर्नर होता. गरज नाही, म्हणालो. आईकडे मी बसवलेली फळी पडली, तेव्हा दादा पाहुण्यांसमोर हसला होता. सात वर्षं बोलणं बंद आहे. फळी उत्तम होती. भिंत कच्ची.

४ जून
लेथ सपाटीत कसा बसवावा, यावर सोबतच्या पुस्तिकेत चार पानं. दोन वाचली. उरलेली दोन अनुभवाच्या जोरावर.

संध्या. ५
लेथ सुरू केला. टेबल चालू लागलं. खिडकीपर्यंत गेलं, वायर संपली म्हणून थांबलं. तिथे उजेड छान आहे. आता लेथ तिथेच.

७ जून
सळई धरणारा चक एकदा फिरला की आटे कापणारं टूल किती सरकणार, हे गिअर ठरवतात. पुस्तिकेतल्या तक्त्यात चार गिअर सांगितलेत. मी तीन गिअरांत भागवलं. हिशेब तोच येतो. तक्ता करणारे फार घाबरट असतात.

१० जून
आटे पडले! टूल चकापासून दूर दूर पळतं, म्हणजे धडकायची भीतीच नाही. ही सोय पुस्तिकेत कुठेच लिहिलेली नाही. कळवायला हवं त्यांना.

बायकोनं शिकंज्याचा नट लावून पाहिला. बसेना. नट जुना झालाय.

११ जून
नट चांगला आहे. आटे उलटे पडलेत. डावखुऱ्यांची सोय होईल, असं मी सुचवलं. बायको म्हणाली, शिकंज्याला हात नसतात, नट असतो.

१५ जून
एकूण पाच स्क्रू तयार. पाचही उलटे, पण हुबेहूब एकसारखे. कारखान्यांना हे सातत्य जमत नाही. बायकोनं ओल्या पुठ्ठ्यांवर वजन म्हणून पाचही ठेवले. म्हणजे उत्पादन वापरातही आलं.

१७ जून
निश्चय: राहिलेली दोन पानं वाचायची. पण पुस्तिका खिळखिळी झाली म्हणून बायकोनं ती बांधायला घेतली आहे. खळ वाळेपर्यंत वाचन अशक्य. माझा इलाज नाही.

१८ जून, सकाळी ११
दारात दादा. बायकोनं परस्पर फोन केला होता. केस पांढरे झालेत त्याचे. माझ्याशी बोलला नाही. थेट लेथपाशी गेला, पाचही स्क्रू एकेक करून उजेडात धरले. हसेल म्हणून मी तयारीत होतो. हसला नाही. त्यामुळे जास्तच अस्वस्थ वाटलं.

मग म्हणाला, "चौथा गिअर कुठे आहे?"

मी दिला. एक गिअर कमी झाला की दिशाच उलटते म्हणे. हे कुणी ठळक अक्षरात छापायला नको?

दुपारी १
दादानं टेबल भिंतीला बोल्टनं जखडलं. टूल घासून नीट कोनात बसवलं. चक फिरू लागला आणि टूल चकाकडे येऊ लागलं, सावकाश, शहाण्यासारखं. प्रत्येक फेरीला थोडं आणखी खोल. देखरेख माझी होती.

दुपारी ४
नट स्क्रूवर सरसर फिरत खालपर्यंत गेला. बायकोनं लगेच पहिली बारा पुस्तकं शिकंज्यात घातली. दादा म्हणाला, जोडीचा स्क्रूही झिजलाय, तोही करून टाकू. मला स्वतंत्र जबाबदारी दिली: कापताना टूलवर तेल सोडायचं. थेंबाथेंबानं. मला थेंब मोजणं अपमानास्पद वाटलं. मी धार धरली. तेल उडालं, ते दादाच्या चष्म्यावर.

लेथ बंद केला त्यानं. चष्मा काढला.

"गाढवा, एवढंही जमत नाही तुला?"

मला शेवटचं 'गाढव' त्यानं सात वर्षांपूर्वी म्हटलं होतं. मी आत जाऊन त्याच्यासाठी फडकं आणलं. बराच वेळ शोधावं लागलं. माझ्याही डोळ्यांत तेल गेलं होतं.