माशांना आज उपास

सूनबाई मंजुषा,

फिशटँकचं पाणी दुधासारखं गढूळ का होतं, ते बहुतेक कळलं. दाणे जास्त पडून तळाशी कुजतात, असं पुस्तकात आहे. श्रुतिका बापाशी भांडून किरनापूरला आत्याकडे गेल्यापासून तिच्या माशांना मी दाणे टाकतो, तूही टाकतेस. आणि “नालीत फेका थे मासे!” म्हणणारा तिचा बाप धर्मेंद्रही गुपचूप टाकतो. काल पाहिलं.

थोडं पाणी बदललं आहे. आज माशांना उपास. दाण्यांचा डबा माझ्या पुस्तकांमागे आहे. धर्मेंद्र शोधताना दिसला, तर काय शोधता म्हणून विचारू नकोस.

मी श्रुतिकाला भेटायला जातो आहे. बापाचं दाणे टाकणं तिला सांगेन, हिंमत झाली तर.

— मामाजी